आत्या येईपर्यंत

वहिनीच्या तेराव्याला पंचामृतासाठी मधाची बाटली उघडली आणि त्या वासानं मी इंदूरच्या मल्हारगंजातल्या जुन्या खोलीत जाऊन पोचलो. दादा कामाला होता त्या गिरणीला टाळं लागलं त्याच आठवड्यात वहिनीला मुलगी झाली होती, अगदी लहानखुरी. बाळाच्या आत्यानं आईची छाती धुऊन मध चाटवल्याशिवाय बाळाला पाजायचं नाही, ही इंदुरात राहून आमच्या घरानं उचललेली रीत. आणि गिरणीच्या मजुरांनी रस्ता अडवल्यानं आत्या वाटेत बेटम्यालाच अडकलेली. दुपारी बाळाचे हात थरथरू लागले. नर्सबाई दादाला म्हणाल्या, “भिया, रीत-वीत बाद में. पोटात आईची साखर आयती मिळत होती, आता हिच्या लिव्हरला ती स्वतः बनवायची आहे आणि जवळ साठा नाही. पाजा, नाही तर जाईल.” दादा म्हणाला, “गिरणी गेली, आता रीतही सोडू?” वहिनीनं बाळाला पदराखाली घेताच त्यानं तिच्या तोंडात मारली. तिचा ओठ फाटला. तिनं उशाजवळचा तांब्या त्याच्या कपाळावर हाणला आणि तो रक्ताळून खाली बसला. “भावोजी, यांना बाहेर न्या,” ती म्हणाली. मी त्याला ओढत नेलं. तो बाहेरून दारावर लाथा घालत राहिला आणि आत बाळ दूध पीत राहिलं. वहिनी गेली तेव्हा त्याच मुलीनं तिला अग्नी दिला. भटजी कुरकुरले, तेव्हा दादा म्हणाला, “तीच देईल.”