मावशींचं एपिथेलियम

जगातल्या यच्चयावत माणसांचं आतलं-बाहेरचं अस्तर शाबूत आहे ना, ही काळजी वाहायला देवाने एकच बाई नेमली होती, आणि ती आमच्या परदेशातल्या चँडलर गावच्या शेजारणीची आई होती. नागपुरात जन्मभर जीवशास्त्र शिकवून मावशी लेकीच्या बाळंतपणाला आल्या आणि अख्ख्या कॉम्प्लेक्सच्या मागे लागल्या. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये कुणी वाफाळता समोसा उचलला की, "तोंडाच्या एपिथेलियमचा, आतल्या अस्तराचा, विचार करा जरा," म्हणून हात धरायच्या. कोरड्या हवेत ओठ फुटतात म्हणून सकाळी तुपाची वाटी घेऊन दारात उभ्या. माझा नवरा तुपकट ओठांनी मीटिंगला जायचा. एपिथेलियम शब्दाचा अर्थ विचारला, तर 'एपि म्हणजे वर' एवढं सांगून थांबायच्या. उरलेलं परीक्षेला येत नाही म्हणायच्या.

एका सकाळी त्या वाटीशिवाय आल्या आणि दार लावून घेतलं. छातीत गाठ लागत होती. लेकीचे दिवस भरत आलेले, तिला कळता कामा नये. मग देवळात जातो असं सांगून मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. सुईने तपासणी झाली. निकालाच्या दिवशी क्लिनिकमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले होते. मावशी पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या,

"थेले म्हणजे स्तनाग्र. ग्रीक शब्द आहे. ओठांच्या कातडीखाली तसले बारीक उंचवटे असतात. त्यांच्यावरचा पापुद्रा म्हणून कुणा शरीरशास्त्रज्ञाने एपिथेलियम हे नाव दिलं. पुढे सगळ्याच अस्तरांना ते चिकटलं."

मी म्हटलं, वर्गात का नाही सांगितलंत?

"पोरं हसतील म्हणायची मी. खरं तर माझ्याच तोंडून निघत नव्हतं गं. गाठसुद्धा म्हणूनच इतके दिवस लपवली."

डॉक्टरीणबाईंनी गाठ साधी आहे, घाबरायचं कारण नाही, असं सांगितलं. मावशींनी त्यांना ते पुन्हा, सावकाश सांगायला लावलं. गाडीत बसल्यावर सीटबेल्ट काही त्यांना लावता येईना. मी लावून दिला.

आठवड्याभरात नातू झाला. बारशाला मावशी पाळणा म्हणायला बसल्या, सुरेख गळा होता त्यांचा. मधेच त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि पुढची ओळ आठवेना. आई दमली बहुतेक, असं शेजारीण म्हणाली. पुढची ओळ मी म्हटली.