पाण्यात राहिलेला गणपती

देवावर माझा विश्वास आहे, स्वतःच्या डोक्यावर मात्र नाही. दोन हजार पंधरा-सोळाच्या सुमारास मी आखातात, इब्राजवळ अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बागेतल्या बंगल्यावर इलेक्ट्रिशियन होतो. गावी बायकोचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि मला रजा मिळेना. मग आई करायची तेच केलं. अंगठ्याएवढा पितळी गणपती तांब्यातल्या पाण्यात घातला आणि म्हटलं, ती बरी झाल्याशिवाय बाहेर काढणार नाही. खोलीत आम्ही सहाजण, म्हणून तांब्या बागेत लिंबोणीखालच्या हौदाच्या कोनाड्यात ठेवला.

ऑपरेशन नीट झालं. त्याच आठवड्यात अर्बाबने बंगला विकला आणि "यल्ला, खलास!" म्हणजे चला, इथलं संपलं, असं म्हणत आम्हाला दूरच्या कुरुमला कामावर हलवलं. आनंदात, सामानाच्या गडबडीत मी देवालाच विसरलो. दोन महिन्यांनी बायकोने फोनवर विचारलं, "अहो, देव बाहेर काढलेत ना?" मी "हो तर!" म्हणून मोकळा झालो. पण त्या दिवसापासून घास गोड लागेना.

शुक्रवारच्या सुट्टीत इब्रा गाठलं. बंगला पाडलेला. कुंपण, खजुरी, लिंबोणी, काहीच नाही, नुसती सपाट माती. फाटक कुठे होतं, हौद कुठे? पावलं टाकून अंदाज घ्यावा, तर दरवेळी हौद नव्याच जागी निघायचा. शेवटी एका ठिकाणी हातांनीच उकरायला बसलो. लाज सोडून रडलोही.

"काय हुडकताव?" मागच्या पत्र्याच्या खोलीतून एक चाचा आले होते, रत्नागिरीकडचे, तिथला बुलडोझर चालवणारे. मी अडखळत सगळं सांगितलं. ते मला खोलीत घेऊन गेले. खिडकीत माझा तांब्या होता. काठोकाठ पाणी, तळाशी गणपती.

"झाडं काढताना गावला. गावाला आमच्या शेजारच्या काकी असाच ठेवायच्या. कुणाचं तरी माणूस आजारी असंल, म्हणून बाहेर नाय काढला. पाणी तेवढं बदलत र्‍हायलो." मग त्यांनी विचारलं, "माणूस बरं हाय ना?"

"बायको. बरी आहे."

"मग काढा आता."

हौद पार दुसऱ्या टोकाला होता, असं त्यांनीच नंतर सांगितलं. बरोबर जागी गेलो असतो, तर त्यांना दिसलोही नसतो. याला काय म्हणावं, मला अजून उमगलेलं नाही. आता काही मागायचं झालं तर देवाला कोरड्या पाटावरच राहू देतो आणि म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर.

संध्याकाळी बायकोला फोनवर खरं ते सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार सांगा." देवाला की चाचांना, ते मी विचारलं नाही. दोघांनाही सांगितला.