रफूकाकांनी भिंत नीट केली

बाजारातल्या एका जिन्याखाली रफूकाकांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं म्हणायला. एक टेबल, एक दिवा आणि त्या दिव्याखाली वाकलेले काका. लोक सिगारेटने जळलेले कोट, उंदराने कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी तिथे आणून टाकत. काका त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढत आणि त्याच धाग्यांनी भोक विणून बुजवत. गिऱ्हाईक परत आलं की कपडा पुढे सरकवून एवढंच म्हणत, "शोधा." गिऱ्हाईक उजेडात धरून बघे, बोटांनी चाचपे आणि हार मानी. मग काकांच्या चेहऱ्यावर जे हसू येई, तेवढीच त्यांची दिवसभराची चैन. बाकी माणूस भिडस्त, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

अशा माणसाच्या वाट्याला घरमालक आला तो 'बघतो'. हे नाव त्याला अख्ख्या इमारतीने दिलेलं. नळ गळतोय म्हटलं की "बघतो", जिन्यातला कठडा हलतोय म्हटलं की "बघतो". इतक्या वर्षांत त्याने काही बघितल्याचं मात्र कुणी बघितलं नव्हतं.

काकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत मागच्या भिंतीतला पाइप सडला होता. आधी ताटलीएवढा ओला डाग पडला. डाग वाढत गेला, रंगाचे पापुद्रे सुटले, मग गिलावा फुगला आणि त्यावर काळी बुरशी चढली. काकूंचा पलंग नेमका त्याच भिंतीला लागून. तो हलवायला दुसरी जागा नव्हती आणि स्वयंपाकघराच्या दारातून तो जात नव्हता. खाली गादी टाकून बघितली, तर फरशीच्या गारव्याने काकू आणखीच बेजार झाल्या. त्यांची छाती आधीपासून नाजूक. पूर्वी थंडीपुरता येणारा खोकला आता बारा महिने मुक्कामाला आला होता. डॉक्टरांनी छाती तपासली, घराची चौकशी केली आणि काकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "औषधं मी देतो, पण ती भिंत कोरडी झाल्याशिवाय यांना उतार पडायचा नाही. आणि फार दिवस नाहीत तुमच्या हातात."

काका 'बघतो'कडे गेले. तो म्हणाला, "बघतो." काका परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले. भांडायला तोंड लागतं, आणि काकांना देवाने नुसते हात दिले होते.

तोंड सगळं मुलीच्या वाट्याला आलं होतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. तिने भाडेकरू संघाच्या वकीलबाईंना गाठलं आणि सगळं समजून घेऊन वडिलांसमोर येऊन बसली.

"बाबा, ही दुरुस्ती त्याला कायद्याने करावीच लागते. आधी लेखी कळवायचं. नाही केली तर नगरपालिकेच्या कचेरीत तक्रार. मग तिथला तपासनीस येतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि मालकाला हुकूम काढतो. तरीही तो बसून राहिला तर कचेरी स्वतः काम करून घेते आणि त्याच्याकडून वसूल करते."

"तक्रार?" काकांना घाम फुटला. "अगं, आयुष्य काढलं त्याच्या घरात. उद्या बाहेर काढलं म्हणजे?"

"तक्रार केली म्हणून काढता येत नाही. आणि फुकट राहता का तुम्ही? भाडं कधी चुकवलंत? हा आपला हक्क आहे बाबा."

हक्क हा शब्द काकांना दुसऱ्याच्या मापाच्या कोटासारखा वाटला. पण आतून काकूंचा खोकला ऐकू आला आणि त्यांनी सही केली.

'बघतो'ने लेखी निरोपालाही दाद दिली नाही. तक्रार दाखल झाली, तपासणीचा दिवस ठरला. मुलीला सुट्टी मिळेना. तिने फोनवर वडिलांना बजावून बजावून सांगितलं, "भिंतीला हात लावू नका. आहे तशी दिसू दे. तुम्ही फक्त दार उघडा आणि भिंत दाखवा."

"बरं," काका म्हणाले. आणि ते खरंच तसं करणार होते.

आदल्या दिवशी काकू पलंगावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "अहो, उद्या तो साहेब या खोलीत येणार?"

"बघायलाच येतोय तो."

"हे असं बघणार? इथे माणसं राहतात का जनावरं, असं वाटेल त्याला. भिंत अशी झाल्यापासून शेजारणीलासुद्धा आत येऊ दिलं नाही मी." त्यांना धाप लागली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "निदान ती काळी घाण तरी खरवडा. बाकी राहू द्या."

बायकोने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. काकांनी बुरशी खरवडली. खालचा गिलावा हातात आला आणि भलंमोठं भोक उघडं पडलं. आता एवढं भोक समोर आहे आणि काका हातावर हात ठेवून बसले आहेत, हे होणार कसं? त्यांनी बाजारातून पुट्टी आणली, रंग आणला. भोक भरलं, भोवतीचे पापुद्रे आणि डागही पुट्टीखाली घेतले, घासलं, पंखा लावून वाळवलं. नवा रंग जुन्या भिंतीवर पांढराफटक दिसायला लागला, तेव्हा त्यात चमचाभर कोरा चहा कालवला आणि जुन्या पिवळटपणाशी रंग तंतोतंत जुळवला. ओल आत आहेच, साहेब शिकलेला माणूस आहे, त्याला कळेलच, असं ते मनाशी म्हणत होते. अक्कल गहाण पडते ती अशी, चांगल्या कामात.

संध्याकाळी काकूंनी मान वळवून बघितलं. "कुठे होतं ते कळतसुद्धा नाही हो," त्या म्हणाल्या. खूप दिवसांनी त्या हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. तरुण होता, पण उन्हाने आणि जिन्यांनी दमलेला. मागोमाग 'बघतो'ही आला. काकू ठेवणीतले कपडे घालून खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि खोकला घशातच दाबून धरत होत्या.

"कुठली भिंत?" तपासनिसाने विचारलं.

"ही," काका म्हणाले.

त्याने हात फिरवला, बोटाने ठोकून पाहिलं, टॉर्च मारला. "इथे काय झालंय?"

"कालपर्यंत भोक होतं, साहेब. मी बुजवलं."

"तुम्ही स्वतः?" तपासनीस पुन्हा वाकून बघायला लागला. "मानलं काका. कुठे सापडत नाही."

आणि काय सांगावं, काकांच्या चेहऱ्यावर तेच दुकानातलं हसू आलं. एक क्षणभरच आलं, पण 'बघतो'ला तेवढा क्षण पुरला.

"बघा साहेब," तो म्हणाला, "किरकोळ होतं. घरच्या घरी झालंसुद्धा. माणूस खूश आहे."

काकांचं हसू जागच्या जागी गोठलं. "नाही साहेब, आत पाइप फुटलाय. ओल परत येणार. हिची छाती..."

"मला जे दिसतं तेवढंच लिहिता येतं," तपासनीस म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. "परत आली तर परत अर्ज करा."

रात्री मुलीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मी सांगितलं होतं ना, बाबा." काकूंनी फोन ओढून घेतला. "त्यांना काही बोलू नकोस. मीच सांगितलं होतं," असं त्या म्हणाल्या आणि पुढचं खोकल्यात गेलं.

ओल परत यायला फार दिवस लागले नाहीत. पुट्टी फुगली आणि तिचे तुकडे काकूंच्या उशीवर पडायला लागले. अर्ज पुन्हा झाला, पण तो रांगेच्या शेवटी लागला, कारण पहिली तक्रार मिटली अशी नोंद होती. आता भिडस्त काका कचेरीच्या खिडक्यांशी हुज्जत घालायला शिकले. 'बघतो'च्या दारात जाऊन जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब बघून गेलेत ना?" काकूंना हॉस्पिटलात नेलं. बऱ्या वाटल्या तसं परत आणलं, त्याच भिंतीपाशी. मुलीच्या सासरी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दुसरीकडे नेणार कुठे? पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं, तेव्हा त्या परत आल्या नाहीत. काका रडले नाहीत. ते नुसते हातांकडे बघत बसायचे आणि मुलीला त्यांचा राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची.

त्यानंतर अर्जाचा नंबर लागला. तपासनीस तोच. या वेळी मुलगी दारात उभी होती. भिंत छतापासून खालपर्यंत काळी पडली होती आणि भोकातून गंजका पाइप दिसत होता. तपासनिसाने फोटो घेतले आणि सगळं लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, "घरात कुणी आजारी? किंवा लहान मूल? तसं असेल तर काम तातडीचं धरतात, मालकाला लगेच हात घालावा लागतो. नाहीतर साध्या रांगेत जातं."

मुलगी घाईने म्हणाली, "बाबा, तुम्हाला खोकला होतो ना, सांगा की."

"मला काही होत नाही," काका म्हणाले. "माझी बायको आजारी होती. त्या दिवशी इथे खुर्चीत बसली होती ती."

तपासनिसाला आठवलं. "त्या? त्या तर चांगल्या दिसत होत्या."

"हो," काका म्हणाले. "आम्ही दोघांनी मिळून सगळं चांगलं दिसेल असं केलं होतं."

तपासनिसाने त्या प्रश्नापुढे 'नाही' असं लिहिलं आणि काम साध्या रांगेत गेलं.