गुणाजीचा जन्या

गडब गावच्या गुणाजीचं पोट मिठागरावर चालायचं आणि जीव कबड्डीवर. भातकापणी झाली की एखादं रिकामं शेत मागून घ्यायचं, चोपून मैदान करायचं आणि गावच्या कुमार गटाच्या पोरांना शिमग्यापर्यंत पिदडायचं, हा त्याचा दरवर्षीचा उद्योग.

त्यातला लाडका जनू. चढाईला गेला की हात हलवत परतायचा नाही. बायकोच्या, सगुणाच्या, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून गुणाजी स्वतः त्याच्या घोट्याला बांधायचा.

त्या वर्षी जनू रोह्याच्या कॉलेजात गेला, जवळच्या निडी गावी मामाकडे राहिला आणि रोह्याच्या संघातून खेळायला लागला. यात पोराचं काय चुकलं? काही नाही. पण गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोह्याचा सामना असला की हा एसटीनं जायचा आणि गर्दीत मागे उभा राहायचा. जनू गुण घ्यायचा, रोह्याचा प्रशिक्षक कमळाकर त्याची पाठ थोपटायचा आणि इकडे हा जळायचा. जळायचाच, दुसरा शब्द नाही.

"घोट्याला विकतची पट्टी बांधलीन त्या कमळाकरानं," घरी येऊन तो ताट सारायचा. "पोराचा पाय मोडंल."

"माज्यासाठी कदी एवढं जळला नाय तुमी," सगुणा म्हणायची.

हंगामाचा शेवटचा सामना पेणला, गडब विरुद्ध रोहा. गुणाजीच्या अंगात वारं शिरलं. जनूची एक खोड फक्त त्यालाच ठाऊक होती. डावीकडे घुसला की हा पठ्ठ्या पाठीमागचं विसरायचा. गडबला असताना गुणाजी दर वेळी रेषेबाहेरून ओरडून सावध करायचा, म्हणून तर निभायचं. कमळाकरला हे कुठून कळणार?

त्यानं आपल्या संघातल्या, दुसऱ्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या रघूला पढवलं. "त्याला डावीकडं जाऊ दे. मग मागनं घोटा धर. मना त्याला पेणात पडलेला बघायचा हाय."

शेवटची चढाई आली. गडब एका गुणानं पुढे. जनू आला, डावीकडे घुसला. रघू मागून वाकला. सगळं ठरल्यासारखं.

"जन्या, मागं बघ! मागं!"

आवाज गुणाजीचा होता. जनूनं उडी मारली, रघूला आणि मदतीला धावलेल्या दुसऱ्याला झटकून मधली रेषा गाठली. दोन गुण. रोहा जिंकला.

गडबची पोरं गुणाजीभोवती जमली. रघू रडकुंडीला आला होता. "दादा, ह्ये काय केलात तुमी?"

गुणाजीचं लक्षच नव्हतं. पलीकडे कमळाकर जनूला मिठी मारत होता आणि हा डोळे फाडून तिकडे बघत होता.

"माज्या आवाजावर वळला तो," गुणाजी म्हणाला. "त्याच्या नाय. बघितलात ना तुमी सगल्यांनी?"