रूपरावजींची शेवटची स्थळपाहणी

आमच्या पिपरी मेघेच्या बाजारात रूपरावजी शिरले की भाजीवाल्या एकमेकींना डोळ्यांनी खुणावतात. हा माणूस पिशवीत स्वतःचं अर्ध्या किलोचं, सरकारी शिक्क्याचं वजन घेऊन फिरतो. आधी ते वजन भाजीवालीच्या काट्यावर ठेवायचं, काटा बरोबर पाचशे दाखवतो का ते पाहायचं, आणि मगच वांग्यांना हात लावायचा. एका डॉक्टरने लिहून दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय ते गिळत नाहीत. मी त्यांचा बावीस वर्षांपासूनचा शेजारी, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मास्तर. माझं वर्तमानपत्र वाचून परत देताना मलाच म्हणतात, "पानं मोजून घ्या मास्तर, मंग म्हणू नोका."

या संशयाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. तीस वर्षं ते पुरवठा निरीक्षक होते, त्यातली बरीचशी सेलूच्या तहसिलीत. दोन भाऊ वेगळे झाले, आम्हाला वेगळं राशन कार्ड द्या, असा अर्ज आला की हे न सांगता सकाळीच त्या घरी हजर. खरंच दोन चुली आहेत की धान्यासाठी नाटक चाललंय, ते पाहायला. आधी नव्या चुलीच्या राखेत हात घालायचा. राख गार लागली की दोन्ही सुनांना वेगवेगळं बोलावून विचारायचं, काल रात्री भाजी कोणती केली? दोघींनीही वांगं म्हटलं की अर्ज नामंजूर. सगळ्यात शेवटी मिठाची बरणी. "मास्तर, माणूस चूल दुसरी मांडते, भांडे दुसरे आणते, पण खोटं नाटक करणारा मीठ दुसरं भरत नाई. विसरतेच तो," असं त्यांनी मला शंभरदा तरी सांगितलं असेल. दुसरा त्यांचा राग लग्न झालेल्या पोरींच्या बापांवर. पोरगी सासरी नांदते आणि नाव माहेरच्या कार्डावर? समोर बसवून कारकुनाकडून त्या नावावर लाल रेघ मारून घ्यायचे. बाप रडवेला झाला तरी यांना फरक पडत नसे.

त्यांची स्वतःची एकुलती पोरगी काजल. नर्सिंग शिकलेली. दोन वर्षांपूर्वी नाचणगावच्या धनंजयशी तिचं लग्न झालं. पोरगा इंजिनिअर, सहा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात, तिथला कायमचा रहिवासी. काजल बायको म्हणून तात्पुरत्या व्हिसावर गेली आणि एका वृद्धाश्रमात रात्रपाळीला लागली. आता दोन वर्षं झाली होती. तिचा व्हिसा कायमचा व्हायची वेळ आली, आणि तिथल्या ऑफिसला खात्री हवी होती की हे लग्न खरं आहे, कागदापुरतं नाही. जवळच्या माणसांची लेखी निवेदनं मागितली होती. खात्री पटली नाही तर तिला परत यावं लागण्याची भीती होती.

काजलने मला फोन केला. "काका, बाबांचं पत्र इंग्रजीत तुम्हीच लिहून द्या. पंधरा दिवसांत पाठवा लागते. त्यायले समजावजा जरा."

मी तासाभरात एक गोड पत्र तयार केलं. दोघांचं एकमेकांवर किती प्रेम आहे, किती सुखाने नांदतात, वगैरे. रूपरावजींनी मराठीत अर्थ ऐकून घेतला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुम्ही पाह्यलं?"

"काय?"

"हेच, सुखानं नांदून राह्यले ते. म्या तं नाई पाह्यलं. न पाहता म्या जिंदगीत सही केली नाई."

मी चिडलो. स्वतःच्या पोरीचं काम आहे म्हटलं, तिथे कसली तपासणी? तर त्यांनी टीव्हीखालच्या खणातून एक डायरी काढली. त्यात तारीखवार नोंदी होत्या. व्हिडिओ कॉलवर दोघं एकत्र फार कमी दिसतात. दोन वर्षांत मोजून अकरा वेळा. 'जावई कुठे' विचारलं की ठरलेलं उत्तर, ऑफिसला गेले. कधी धनंजयचा एकट्याचा फोन येतो, तेव्हा मागची भिंत वेगळी, पत्र्याची. यंदा धोंड्याचा महिना लागला तरी जोडी आली नाही. मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जावयाच्या वाणासाठी चांदीचा दिवा आणून ठेवला होता, तो तसाच कपाटात पडला होता.

"माह्या हिशेबानं मास्तर," आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले, "ते दोघं एका घरात राहतच नाई. पोरीले टाकलं त्यानं. अन् ती लाजेनं सांगून नाई राह्यली."

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून आलं नाही. त्या रात्री मलाच झोप लागेना. पत्र्याची भिंत माझ्याही डोक्यात शिरली. संशय खरजेसारखा असतो, शेजाऱ्यालाही लागतो.

त्यांच्यापुढचा पेच खरा होता. सही केली आणि लग्न मोडलेलं निघालं, तर सरकारी कागदावर आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि पोरगी कायमची तिकडे एकटी. सही नाही केली आणि लग्न खरं निघालं, तर बापानेच पोरीचं घर मोडल्यासारखं. तीन दिवस ते बाजारालाही गेले नाहीत. चौथ्या दिवशी आयतवार, म्हणजे रविवार होता. सकाळी साडेसहाला दारावर थाप. "चला मास्तर. अचानक भेट देऊ. पंच म्हणून तुम्ही लागता."

त्यांच्या घरात कूलर सुरू झालेला होता. मनकर्णाबाई पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. रूपरावजींनी फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि कॉल लावला. तिकडे नऊ वाजून गेले होते. काजल नुकतीच रात्रपाळीवरून आली असावी, डोळे सुजलेले.

"बाबा? इतक्या सकाळी? आई बरी हाये ना?"

"बरी हाये. जावईबापू कुठं हायेत?"

"ऑफिसले गेले."

"आज आयतवार हाये."

रूपरावजींनी माझ्याकडे पाहिलं. साक्षीदारानं नोंद घ्यावी असं ते पाहणं होतं. मग म्हणाले, "फोन फिरव. घर दाखव."

"बाबा, हे काय?"

"फिरव म्हणतो ना बाई."

तिने फोन फिरवला. दाराजवळ पुरुषाचे ऑफिसला घालायचे काळे बूट होते, त्यांवर धुळीचा थर. "किती दिवस झाले घालून?" काजलने फोन घाईने पुढे नेला. स्वयंपाकघर. "मीठ दाखव." मिठाची बरणी एकच. रूपरावजींच्या कपाळाला आठी पडली. एक बरणी म्हणजे एकच घर, हा त्यांचाच नियम, पण जावई नसताना एकट्या बाईच्या घरातही एकच बरणी असते. "फ्रीज उघड. वरचा खण."

बर्फाच्या खणात डबे रचलेले होते. प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर तारीख आणि नाव. एक जून, वरण. दोन जून, पाटोडी. तीन जून, वांगं.

"हे अक्षर तुहं नाई," रूपरावजी म्हणाले.

"नाई. त्यांचं हाये."

"डबे मोज."

काजलने मोजले. सात. सात जूनपर्यंतचे.

"आजचा? एकतीस तारखेचा?"

तिने फोन टेबलाकडे वळवला. तिथे एक डबा उघडा होता, अर्धा खाल्लेला, आणि त्यातून अजून वाफ निघत होती. रूपरावजींनी नकळत हात पुढे केला आणि बोटं फोनच्या काचेवर टेकली. मी त्यांच्याबरोबर कधी स्थळपाहणीला गेलो नव्हतो, पण राखेत हात घालताना ते कसे दिसत असतील ते मला तेव्हा कळलं.

मग काजल रडायला लागली आणि रडत रडतच सगळं बोलली. धनंजय इंजिनिअर खरा, पण तिथे तो खदानीत ट्रक चालवतो. दोन माळ्यांच्या घराएवढा ट्रक. चौदा दिवस विमानाने दूर वाळवंटात, तिथे पत्र्याच्या खोलीत राहायचं, मग सात दिवस घरी. पैसा चांगला मिळतो. पण नाचणगावात सगळ्यांना इंजिनिअर म्हणून सांगितलेलं, ट्रक चालवतो कसं सांगायचं? धोंड्याच्या महिन्यातही सुट्टी मिळाली नाही ती त्यामुळेच. आणि काजल रात्रपाळीवरून थकून येते, उपाशी झोपते, हे त्याला कळल्यापासून तो जायच्या आधी दोन दिवस राबून चौदा डबे करून ठेवतो.

"लायसन हाये ना पण त्याच्याजवळ?" रूपरावजींच्या तोंडून पहिला प्रश्न हाच निघाला.

"हाये, बाबा."

"तिथल्या ऑफिसले काय लिहून देल्लं? ऑफिस का ट्रक?"

"ट्रक. सगळं खरं लिहून देल्लं."

रूपरावजींचा आवाज फाटला. "त्या परक्या सायबाले खरं सांगतलं, अन् बापाले ऑफिस सांगतलं? काऊन?"

"त्यायनं विचारलं, बाबा. तुम्ही कधी विचारता? तुम्ही तं तपासता."

मनकर्णाबाईंनी पुढे होऊन फोन उचलून घेतला. "झाली तुमची तपासणी? नवरा चौदा दिवसांचा सैपाक करून ठेवते पोरीले. तुम्ही पस्तीस वर्षांत एक डाव चहा मांडला का?" मग फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "जेव माय, थंडं होऊन राह्यलं."

माझं गोड पत्र रूपरावजींनी बाद केलं. नवं पत्र त्यांनी मराठीत सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. "मी स्वतः तीस वर्षं लोकांच्या चुली तपासल्या. एकतीस मे रोजी पूर्वसूचना न देता पाहणी केली. जावई कामामुळे चौदा-चौदा दिवस घराबाहेर असतो. त्याने तारखा टाकून ठेवलेले सात डबे शिल्लक होते, आठवा टेबलावर गरम होता. चूल एक आहे." मास्तरकी विसरून सांगतो, इतकं सरळ पत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

"आता बाप असल्याचा पुरावा जोडू," मी म्हटलं. "राशन कार्ड आणा, त्यात सगळ्या घराची नावं असतात."

"ते नको. दुसरं काही घ्या."

राशनचा माणूस राशन कार्ड दाखवायला नको म्हणतो? आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मनकर्णाबाईंनी देव्हाऱ्यामागून पांढरं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. पहिलं नाव रूपराव. दुसरं मनकर्णा. तिसरं काजल, मुलगी. रेघ नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, त्यामुळे त्यात लबाडी कसलीच नव्हती. पण हजार बापांच्या कार्डांवर रेघ मारून घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या पोरीचं नाव तसंच ठेवलं होतं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला म्हणायचं होतं, असू द्या हो, कोण पाहतं. पण त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं, घडी केली आणि खिशात ठेवलं.

"सही उद्या करतो," म्हणाले. "पत्र म्हणते पोरीची चूल तिकडं, कार्ड म्हणते इकडं. दोन कागदांतला एक खोटा हाये."

सोमवारी मी त्यांच्यासोबत गेलो. तहसिलीत टेबलावर ओमप्रकाश होता, एके काळचा त्यांच्याच हाताखालचा कारकून. त्याने उठून खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि हसला. "साहेब, पांढरं कार्ड. राहू द्या ना नाव, तुम्हाले कोण विचारून राह्यलं?"

"तू अर्ज घे."

नाव कमी करण्याचं कारण या रकान्यात आधीच छापलेलं होतं, विवाह. रूपरावजींनी त्याच्यापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, स्वतंत्र चूल, समक्ष पाहून खात्री केली. ओमप्रकाशने संगणकावर नोंद केली, मग जुन्या सवयीने कार्ड उघडून लाल पेन घेतला.

"पट्टी लावून मार," रूपरावजी म्हणाले. "वाकडी नको."

ओमप्रकाशने पट्टी लावली. हजार वेळा अशी रेघ डोळ्यांसमोर मारून घेणारा हा माणूस तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिला. कार्ड हातात आल्यावर त्यांनी ते न तपासता खिशात टाकलं. मग पत्र काढून ओमप्रकाशच्याच टेबलावर पसरलं आणि माझा पेन मागितला.