वास घ्या माजा

समोरच्याच्या नाकाशी तोंड नेऊन तो मोठा श्वास सोडायचा आणि म्हणायचा, "वास घ्या माजा. येतो काय ताडीचा?" वाण्याच्या दुकानात, कारखान्याच्या फाटकाशी, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. माणसं हसत मागे सरायची. तुम्हीही सरला असता.

पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. बोईसरच्या बाजूला नकली रेशमाचा एक कारखाना नुकताच निघाला होता. मी घाटावरून येऊन तिथे पॅकिंगला लागलो. तो सूत काढायच्या खात्यात. लाकडाचा लगदा विरघळवून त्याची धार तेजाबाच्या टाकीत सोडली की तिचं सूत होतं. त्या टाकीवर ओणवं राहून तुटलेलं सूत जोडायचं, हे त्याचं काम. टाकीला कुजक्या अंड्यांचा वास यायचा. जवळच्या कुंभवली गावात आमच्या खोल्यांची भिंत एकच होती, त्यामुळे तो वास मला घरपोच मिळायचा.

आला तेव्हा हा माणूस म्हणजे गरीब गाय. मग त्याचे डोळे लाल राहू लागले. मग चाल बिघडली. चप्पल वाटेत सुटून पडायची आणि त्याला पत्ताच नसायचा. घरी यायचा तो एका चपलेनिशी. "आज एकच हाय, म्हंजे चांगलीच चडली," लोक म्हणायचे. त्याचा बाप केळव्याला ताडी विकायचा. मग काय, आणखी पुरावा कशाला हवा?

पण त्या बापामुळेच तो ताडीच्या थेंबाला शिवला नव्हता. बाप पिऊन आईला मारायचा, ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं. आणि आता कालवणात मीठ जास्त पडलं एवढ्यावरून त्यानं स्वतःच एकदा बायकोच्या अंगावर ताट भिरकावलं, आणि मग आमच्या ओट्यावर येऊन ढसाढसा रडला.

"न पिता माजा बाप झालो मी," म्हणाला. "तुमी सांगा, ह्ये काय शिरलंय माज्या डोक्यात?"

मला टाकीचा संशय होता. त्याच्या खात्यातले आणखी दोघे असेच लालडोळे आणि चिडके झाले होते. मी त्याला कारखान्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यानं सवयीप्रमाणे तोंड उघडलं, "वास घ्या, सायेब." डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला.

"हा वास टाकीचा आहे," मी म्हणालो.

"गूळ खात जा," डॉक्टर त्याला म्हणाले, "आणि ताडी कमी करा."

तेव्हा मी जो चिडलो तो आजतागायत चिडलेलाच आहे. अहो, सगळ्या गावानं त्याचा वास घेतला. माणसाच्या अंगाला, तोंडाला कुजक्या अंड्यांचा वास का येतो, हे एकालाही विचारावंसं वाटू नये?

पुढे एकदा तो टाकीपाशीच धडपडला. सुपरवायझर म्हणाला, "पी के आया है," आणि त्याची नोकरी गेली. बायकोला घेऊन तो केळव्याला भावाच्या वाडीत राहायला गेला.

पावसाळा संपल्यावर मी त्याला भेटायला गेलो. माडांना पाणी घालत होता. डोळे निवळलेले, चाल पुष्कळ सरळ, बायकोशी थट्टा चाललेली. मला इतका आनंद झाला की कुंभवलीत येऊन मी घरोघर सांगत सुटलो, टाकी सुटली आणि माणूस बरा झाला. लोकांनी माना डोलावल्या.

"दारू सोडल्यावर मानूस सुदारतोच," ते म्हणाले. त्याच्या सासऱ्यानं तर जावयाचं व्यसन सुटलं म्हणून गावदेवीला नारळ फोडला.

पुढच्या खेपेला मी हे त्याला सांगितलं. त्यानं श्वास भरला, तोंड माझ्या नाकाशी आणलं, आणि श्वास न सोडताच ते मिटून घेतलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "बरा झालो, त्येच अंगाशी आलं."

तो पुन्हा कुंभवलीत आला नाही. त्याच्या जागी टाकीवर घाटावरचाच एक माणूस लागला. त्या उन्हाळ्यात पाळी सुटल्यावर तो माझ्यापुढे चालला होता, आणि वाटेत मला एक चप्पल पडलेली दिसली. मी ती उचलून त्याला गाठलं.

"अहो, तुमची चप्पल."

त्यानं आपल्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी पीत नाही हो," तो म्हणाला.