पाणी दिलं नाही

आमचा गोठा आणि सख्ख्या काकाचा गोठा, मधे एकच भिंत. शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण कोर्टात गेल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. बोललोच तर शिव्या. त्यामुळे त्या सकाळी कडबाकुट्टीच्या घरघरीत भिंतीपलीकडून काकाची किंकाळी आली, तेव्हा मी पाय लगेच उचलले नाहीत. मग उचलले.

चुलतभाऊ दारात थिजून उभा होता. यंत्र चालूच होतं. मी आधी बटण बंद केलं. काका कडब्यावर बसला होता. उजवा हात मनगटाच्या वर खोल चिरला होता आणि रक्त उसळ्या मारत होतं.

मला पाहून तो म्हणाला, "तू काऊन आला बे?"

मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी काही वर्षं काम केलं आहे. तिथं यंत्रात हात सापडणं नवीन नव्हतं, म्हणून जखम कशी दाबायची ते सगळ्यांनाच शिकवून ठेवलं होतं. दोरीवर वाळत घातलेलं धुतलेलं धोतर मी ओढलं, घडी करून जखमेवर ठेवलं आणि काकाचा हात वर धरून दोन्ही तळव्यांनी जोरात दाबला. तो कळवळला आणि त्यानं माझ्या आईवरून शिवी दिली.

चुलतभावाला आता जाग आली. तो चुन्याची डबी घेऊन आला.

"चुना भरू. चुन्यानं रक्त धरते."

"काही भरू नको. गाडी काढ."

"माह्या बापाले हात लावू नको तू." त्यानं मला खांद्याला धरून मागे ढकललं. मी हात सोडला नाही, त्यामुळे काकाही माझ्याबरोबर ओढला गेला आणि पुन्हा ओरडला.

तेवढ्यात काकू बाहेर आली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलाला म्हणाली, "गाडी काढ म्हणतो ना तो."

पिकअपच्या मागच्या हौद्यात काकाला आडवं केलं, पायाखाली पोती सरकवली. काकू पुढे बसली. धोतर भिजून गेलं होतं. ते न काढता मी वरून माझ्या खांद्यावरचा दुपट्टा दाबला. वाटेतलं जानेफळ मागे पडलं तोवर काकाचा चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर गार घाम आला होता.

"पाणी दे."

बाटली शेजारीच होती. मी ओल्या बोटानं त्याचे ओठ पुसले.

"पाणी दे म्हन्तो ना."

"आता नाही, काका. दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं तं पोट रिकामं पाहिजे."

त्यानं पाय उचलून माझ्या बरगडीत लाथ घातली. अशक्त होती, पण मनापासून घातलेली होती. मला इतका राग आला, की मी हात आणखी जोरात दाबला. रक्तासाठी किती आणि रागासाठी किती, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नाही.

मेहकरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कापड सोडवलं, खाली पाहिलं आणि विचारलं, "दाबून कोणी धरलं होतं?"

"मी," चुलतभाऊ म्हणाला.

माझा सदरा कोपरापर्यंत लाल होता आणि त्याचा कोरा. डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि ते आत गेले. काकू भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी एसटीनं परत आलो. वाहकानं सदरा पाहून मला शेवटच्या सीटवर बसवलं.

काकाचा हात वाचला. दोन बोटं मिटत नाहीत. आणि गावात गोष्ट पसरली ती अशी, की पुतण्यानं तहानलेल्या काकाला पाण्याचा घोट दिला नाही.

पिठाच्या गिरणीवर काका स्वतःच सांगत होता, मी मागे उभा आहे हे माहीत असून. मी म्हणालो, "काका, पाणी काऊन देलं नाही, ते तुले गाडीतच सांगलं होतं."

"मले शिकवू नको. तू तं मी मरायची वाट पाहून राह्यला होता."

"वाट पाहाची असती, तं मी भिंतीच्या ह्या बाजूलेच बसलो असतो."

गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. सगळे ऐकत होते. काकानं डाव्या हातानं आपला डबा उचलला आणि दळून न घेताच निघून गेला.